बटण दाबलं, तरी कॉम्प्युटर गप्पच!

कळंबहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी आहे, पण दुखणं एकच. त्यांच्या थोरल्या मुलाने बारावीच्या सुट्टीत पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक भाग आणून घरीच कॉम्प्युटर जुळवला. मुलगा आता शिकायला बाहेरगावी असतो. मागे राहिलेल्या कॉम्प्युटरवर बाईंनी बचत गटाचे तीन वर्षांचे हिशेब ठेवले आहेत, आणि गटाच्या कर्जासाठी तेच हिशेब या महिन्यात बँकेत दाखवायचे आहेत. अशात एके सकाळी बटण दाबलं, तर ना दिवा, ना आवाज. दुकानात नेला. तिथे झाकणही न उघडता निकाल लागला, "मदरबोर्ड गेलाय. नवा टाकू. आतलं सगळं पुसलं जाईल." बाई डबा तसाच उचलून घरी घेऊन आल्या. आता विचारतात, "मी स्वतः उघडून पाहिला तर चालेल का? घरचे म्हणतात, तू हात लावू नकोस, आहे तेही बिघडवशील."

चालेल, ताई. आणि डबा परत आणलात, हे फार बरं केलंत.

आधी मनातली भीती काढून टाकू या. कॉम्प्युटर सुरू न होणं आणि त्यातले हिशेब जाणं, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून आतल्या साड्या नाहीशा होतात का? तुमचे हिशेब डिस्क नावाच्या एका वेगळ्या भागात असतात. मदरबोर्ड खरोखरच गेला असला, तरी डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते, आणि मदरबोर्ड बदलताना ती पुसण्याची काही गरज नसते. तेव्हा "सगळं पुसलं जाईल" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबायचं.

कंपनीचा तयार कॉम्प्युटर असला, की त्याला एक मालक असतो. घरी जुळवलेल्याचं तसं नाही. पाच-सात कंपन्यांचे भाग एका डब्यात नांदत असतात, एकत्र कुटुंबासारखे. कुणाचं कुणाशी पटेनासं झालं, की सगळं घर ठप्प! पण यातच सोयही आहे. प्रत्येक भाग सुटा काढता येतो, तपासता येतो, आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

आता थोडी नावं. आपण सगळ्याजणी त्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतला काडेपेटीएवढा चौकोनी तुकडा, जो पंख्याखाली झाकलेला असतो. डबा म्हणजे कॅबिनेट. वीज येते ती पेटी म्हणजे एसएमपीएस. सगळे भाग ज्यावर बसतात तो मोठा हिरवा किंवा काळा पाट म्हणजे मदरबोर्ड. त्यावर उभी खोचलेली लांबट पट्टी म्हणजे रॅम. एवढं ओळखता आलं, तरी दुकानात तुम्हाला कुणी सहज गुंडाळू शकणार नाही.

सुरुवात विजेपासून करायची. हसू नका, पुष्कळदा दुखणं इथेच असतं. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून समाधान मानू नका. चार्जरला वीज थोडीच लागते, तो सैल सॉकेटवरही चालतो. टेबल फॅन लावून पाहा. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड किंवा युपीएस असेल तर तो बाजूला काढा आणि डबा थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. युपीएसमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच, आणि मग तो नुसता शोभेचा दगड उरतो.

डब्याच्या मागची जाड वायर आणि पडद्याची वायर बहुतेक घरांत एकसारखी असते. अदलाबदल करून पाहा. पडद्याच्या वायरीवर डबा सुरू झाला, तर वायर बदलून टाका, आणि सरळ स्वयंपाकाला लागा! मागच्या बाजूला, वायर खोचतात त्याच्याच शेजारी, एक छोटा खटका असतो. त्यावर एक उभी रेघ आणि एक गोल असतो. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. टेबलामागे झाडू फिरवताना हा खटका दबतो आणि मग घरभर शोधाशोध होते. काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे असलेलं तांबडं बटणही असतं. ते २३० वरच असलं पाहिजे. ११५ वर सरकवून आपली वीज दिली, तर एसएमपीएस जळतो. पोरांचे हात तिथे पोचू देऊ नका.

एवढं करूनही डबा गप्प असेल, तर वायर काढा आणि समोरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेली वीज त्याने निघून जाते. मग वायर परत लावून बटण दाबा. एवढ्यानेही कधी कधी गाडी रुळावर येते.

नाही आली, तर आता उघडू या. दुपारची निवांत वेळ निवडा, म्हणजे मध्येच दूधवाला नको आणि कुकरची शिट्टीही नको. वायर भिंतीतून काढा. नुसता खटका बंद करून भागणार नाही. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. काचेच्या बांगड्याही काढा, फुटून तुकडा आत पडला तर शोधत बसाल. मंगळसूत्र आत सारा. नायलॉनची किंवा सिंथेटिक साडी नको, सुती नेसा. थंडीत अशी साडी सोडताना चटचट आवाज होतो ना? ती चटचट आपल्याला काही करत नाही, पण रॅमला मारू शकते. म्हणून आतल्या भागांना हात लावण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला एकदा हात टेकवायचा, आणि मधून मधून परत टेकवायचा. झाकणाचे स्क्रू वाटीत ठेवा. आणि कोणतीही वायर उपसण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. परत लावताना डोकं खाजवायची वेळ येत नाही. मुलाला व्हिडिओ कॉल लावलात तर उत्तमच, पण तो सांगेल त्याआधी फोटो घ्याच.

एक मात्र बजावून सांगते. एसएमपीएसची पेटी कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात जोराचा झटका देण्याएवढी वीज राहते. दुकानात काहीजण तिच्या वायरींमध्ये तार अडकवून ती चालते का हे पाहतात. ते काम घरी करू नये असं माझं मत आहे.

डबा उघडलाच आहे, तर हिशेब आधी सोडवून घ्या. डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर ती जाड वहीसारखी जड असते, नवी असेल तर पत्त्यांच्या कॅटपेक्षा पातळ, आणि अगदी नवी असेल तर च्युइंगमच्या पट्टीसारखी मदरबोर्डवरच आडवी बसवलेली, एका बारीक स्क्रूने धरलेली. ती काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली, की दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. केसिंग घेताना डिस्कचा फोटो दुकानदाराला दाखवा, कारण तिन्हींना वेगवेगळं लागतं. जोडल्यावर "फॉरमॅट करू का?" असं विचारलं, तर नाही म्हणायचं. आणि अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली, तरी घाबरू नका. अलीकडच्या विंडोजमध्ये डिस्कला बिटलॉकर नावाचं कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने कॉम्प्युटर सुरू केला होता, त्या खात्यात ती किल्ली बहुधा साठवलेली असते. खातं मुलाच्या नावावर असेल, तर त्याला आजच फोन करून ती मागून घ्या. हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून झाले, की छापील प्रतही गटाच्या फाइलला लावा. मग डब्याकडे शांत डोक्याने बघता येईल.

आता खुद्द डबा. वायर लावल्यावर, बटण न दाबताच, मदरबोर्डवर एखादा बारीक दिवा लागतो का पाहा. पुष्कळ मदरबोर्डांवर असा दिवा असतो. तो लागला, तर वीज आतपर्यंत पोचते आहे. मग संशय समोरच्या बटणावर घ्यायचा. त्या बटणापासून दोन पिनांची एक बारीक वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात खोचलेली असते. शेजारी तशीच 'रिसेट' बटणाची वायर असते. वीज बंद करून दोन्हींची जागा बदला आणि रिसेट दाबून पाहा. सुरू झाला? मग गेलं होतं ते फक्त बटण. नवा मदरबोर्ड विकण्याआधी एवढं तरी कुणी पाहायला नको का? दिवा मुळीच लागत नसेल, तर मदरबोर्डला जाणारी चोवीस पिनांची रुंद वायर दाबून बसवा. तरी अंधारच असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर. तो मदरबोर्डपेक्षा बहुधा स्वस्त असतो आणि पुष्कळदा त्याच्याआधी जातो.

काहींच्या घरी दुखणं वेगळं असतं. पंखे गरगर फिरतात, पण पडदा काळा. अशा वेळी आधी पडद्याचं स्वतःचं बटण पाहा, आणि केबल कुठे लावली आहे तेही. डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच लागायला हवी. घर रंगवताना किंवा टेबल हलवताना ती वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत जाते आणि पडदा रुसतो. काही प्रोसेसरांना चित्र दाखवण्याची सोयच नसते, सगळं त्या कार्डावर असतं. त्यानंतर सीपीयूशेजारची, वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर पाहा. नवशिक्या जुळवणाऱ्याकडून ती हटकून राहते. जुन्या जोडणीत सैलही होते.

मग रॅम. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर ओढा. काही मदरबोर्डांवर एकाच टोकाला खिट्टी असते. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील. त्यांवरून मुलांचं पांढरं, मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा, आणि 'टक्' आवाज होईपर्यंत पट्टी परत दाबून बसवा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा. रॅम नव्या पिढीची, डीडीआर ५ असेल, तर ती काढून लावल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहतो. आत तिची मापं घेणं चाललेलं असतं. घाईने बंद करू नका, दम धरा. बऱ्याच मदरबोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात आणि त्यांपाशी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे शब्द छापलेले असतात. दिवा ज्या शब्दापाशी अडून राहील, तिथे दुखणं. ही खूण फार कामाची आहे.

पंखा अर्धा फेरा मारून थांबत असेल, तर मात्र आत कुठेतरी शॉर्ट होत असल्याचा संशय घ्या. एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डखाली घरंगळला असेल, किंवा ज्या पितळी खुंट्यांवर मदरबोर्ड टेकतो त्यांपैकी एखादी नको त्या जागी राहिली असेल.

एवढ्यानेही उलगडा होत नसेल, तर आपली घरातली रीत वापरायची. मेन स्विच सारखा पडायला लागला की आपण काय करतो? सगळी बटणं बंद करतो आणि एकेक चालू करत जातो. ज्याने पडला तो चोर! इथेही तेच. मदरबोर्ड, सीपीयू आणि त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी, आणि लागत असेल तर ग्राफिक्स कार्ड, एवढंच ठेवा. बाकी सगळ्या वायरी काढा. एवढ्यावर पडदा उजळला, तर एकेक भाग जोडत चला. दर वेळी आधी वीज काढायची, एकाच गोष्टीत बदल करायचा आणि वहीत लिहून ठेवायचं. दोन बदल एकदम केले की गोंधळ झालाच म्हणून समजा.

ही रीत कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या अवाढव्य यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. ते चालवायला सहा तरुण स्त्रिया नेमल्या होत्या. गुप्ततेमुळे सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत पाऊलही टाकू देत नव्हते. नुसते नकाशे हातात देऊन शिका म्हणून सांगितलं. त्या शिकल्या, आणि पुढे बिघाड शोधत शोधत जवळजवळ नेमक्या नळीपर्यंत जाऊन पोचायला लागल्या. आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इथल्याच लोकांनी एक कॉम्प्युटर जुळवला. १९६० मध्ये तो पुरा झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. त्यातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. एवढ्यांतून एक बिघडलेली शोधायची, तर आपल्या डब्यातल्या पाच-सात भागांचं काय घेऊन बसलात!

आता झाडलोट. कळंबसारख्या गावात धुळीला तोटा नाही. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, मळणी यंत्रं फिरायला लागली, की दारं लावूनही कपाटावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. तीच धूळ पंखा ओढून आत घेतो. सीपीयूवरच्या जाळीत तिची गोधडी बसली, की तो तापतो आणि मशीन आपण होऊन बंद पडतं. दिवाळीच्या आवराआवरीत डबाही घ्या. कोरडा रंगाचा ब्रश वापरा, ओलं फडकं नाही, आणि पंख्याची पाती बोटाने धरून मगच साफ करा. पाली, झुरळं, मुंग्या यांनाही ही ऊबदार जागा आवडते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू नावाच्या यंत्रात १९४७ साली चक्क एक पतंग अडकून बसला होता. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ते पान आजही तिकडच्या संग्रहालयात आहे. साफ करताना मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी पाहून ठेवा. ती सपाट हवीत. भाकरीसारखी फुगली असतील किंवा तपकिरी काही गळलं असेल, तर मदरबोर्ड खरोखर आजारी आहे.

मशीन सुरू होतं, पण घड्याळ जुनीच तारीख दाखवतं आणि दर वेळी एफ-वन दाबा म्हणतं, असं असेल तर खर्च अगदी किरकोळ. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. छाप असलेली बाजू वर ठेवून बसवा.

हे सगळं करूनही डबा मुका राहिला, तर दुकान आहेच. पण जाताना डिस्क काढून घरी ठेवा. न जमल्यास पावतीवर "डिस्क पुसू नये" असं लिहून घ्या आणि डिस्कवरचा नंबर टिपून ठेवा. मदरबोर्ड गेला म्हणतील, तर विचारा, "दुसरा एसएमपीएस लावून पाहिलात का? दुसरी रॅम?" आणि मुलाने ठेवलेली खोकी रद्दीत घालू नका. घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरची वॉरंटी भागाभागांची वेगळी असते. मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांना सहसा तीन वर्षं मिळतात. बिल हाती असेल, तर नवा घेण्याआधी तिकडे विचारणा करायची.

विजेबद्दल एक शेवटचं. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरच्या अर्थिंगमध्ये खोट आहे. तिथे कॉम्प्युटरवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरलेला असतो. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळली, की तो कोरडा पडतो आणि काम करीनासा होतो. त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. आणि चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची यात्रा आली, की वळवाचे दिवस जवळ आले असं समजा. गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून निर्धास्त बसू नका. पिन भिंतीतून काढा, आणि इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर तीही.